हिवतापाचा माग

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरी मुलखात पाऊस उदंड पडतो. मग वावरसारख्या गावांच्या आसपास भातखाचरांत व ओढ्यांच्या कडेच्या संथ पाण्यात डास वाढतात, आणि डासांमागोमाग हिवताप येतो. परंतु हा संबंध मनुष्यास पुष्कळ काळ उमगला नव्हता. दलदलीच्या दूषित हवेने ताप येतो, असाच समज होता.

तो समज डॉ. रोनाल्ड रॉस यांनी दूर केला. सिकंदराबाद येथे त्यांनी हुसेनखान नावाच्या रोग्यास डास चावू दिले व दर डासामागे त्यास एक आणा दिला. नंतर एकेक डास चिरून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले. २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना हिवतापाचे जंतू आढळले. पुढील वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून, हे जंतू डासाच्या लाळेतून दुसऱ्या शरीरात शिरतात, हेही त्यांनी दाखवून दिले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हिवताप पसरविते ती अ‍ॅनॉफिलीस डासाची मादी. अंडी तयार होण्यासाठी तिला रक्त लागते. अंडी मात्र ती पाण्यावर घालते. म्हणून खड्डे बुजवावेत, तुंबलेले पाणी वाहते करावे, डबक्यांत गप्पी मासे सोडावेत. रॉस यांनी शत्रू ओळखून दिला; त्याचे घर मोडणे गावाच्या हाती आहे.