पालघर की बोईसर?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत. आज घर बांधण्याच्या आधीच एक मोठा प्रश्न पुढे येतो. राहायचे कुठे?

बेटेगावच्या आमच्या रात्रीच्या वर्गात हा प्रश्न एका जोडप्याने काढला. दादा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला. ताई चार घरची कामे करतात. पदरी दोन मुले आणि दादांची म्हातारी आई. भाड्याच्या एका खोलीत सगळे राहतात. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली.

दादा म्हणाले, "बोईसर बरं. काम जवळ आहे."

ताई म्हणाल्या, "अहो, पण आईंच्या दम्याचं काय? पालघरला हवा जरा बरी असेल."

दोघांचेही म्हणणे खरे होते. मग आम्ही सर्वांनी बसून विचार केला. तो विचार तुमच्याही कामी येईल, म्हणून येथे मांडत आहोत.

दोन गावे

पालघर आणि बोईसर ही पश्चिम रेल्वेवरची दोन गावे. मध्ये उमरोळी हे एकच स्टेशन. २०१३ सालापासून डहाणूपर्यंत लोकल गाड्या धावतात. त्यामुळे विरारकडे जाणे दोन्ही गावांहून जमते. पण मुंबई इथून लांबच आहे. लोकल आहे म्हणजे मुंबई जवळ आली, असे समजू नका. गाड्या विरारच्या अलीकडे असतात तेवढ्या इकडे नाहीत. एक गाडी चुकली की बराच वेळ खोळंबा होतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर हा नवा जिल्हा निघाला. पालघर जिल्ह्याचे ठाणे झाले. कलेक्टर कचेरी पालघरजवळ कोळगावला आहे. कॉलेज आहे, कोर्ट आहे, बाजार आहे. गावाचा कारभार नगर परिषद पाहते.

बोईसरची गोष्ट वेगळी. इथे कारखाने आले आणि गाव वाढले. शेजारी तारापूरला अणुवीज केंद्र आहे. १९६९ साली तिथे वीज तयार होऊ लागली. मग कपड्याचे, रसायनांचे, लोखंडाचे कारखाने उभे राहिले. दूरदूरचे मजूर आले. बोईसर एवढे वाढले ते ग्रामपंचायतीच्या कारभारात. म्हणून रस्ता, गटार, पाणी यांची ओढ इथे जास्त दिसते.

आणखी एक गोष्ट. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरच्या औद्योगिक भागांची पाहणी केली. हवा, पाणी आणि जमीन किती खराब झाली, ते पाहिले. त्या यादीत तारापूर सर्वांत वर होते. ताईंची काळजी उगाच नव्हती.

स्वस्त आणि परवडणारे

हे दोन शब्द एक नाहीत. भाडे कमी म्हणजे घर स्वस्त. पण सगळा खर्च धरून महिना निभावला, तर ते परवडणारे. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. आकडे नमुन्याचे आहेत. तुम्ही आपले आकडे घाला.

बोईसर बाजूला: भाडे ४,००० रुपये. कामावर जाण्यायेण्याचे ६००. विकतचे पाणी ५००. एकूण ५,१००.

पालघरला: भाडे ४,५००. गाडी आणि रिक्षा मिळून १,५००. पाणी नळाचे. एकूण ६,०००.

फरक ९०० रुपयांचा. पण वेळेचे काय? पालघरहून येण्याजाण्यात रोज दोन तास जास्त गेले, तर २६ दिवसांत ५२ तास जातात. रात्रपाळी सुटल्यावर गाडी नसेल, तर स्टेशनवर बसून राहावे लागते.

तेवढ्यात वर्गातल्या एक मावशी म्हणाल्या, "दवाखान्याचा खर्च कुठं मांडला?"

सगळे गप्प झाले. मावशींचे बरोबर होते. आईला दर महिन्याला औषध लागले, तर ९०० रुपयांचा फायदा कुठल्या कुठे जातो. माणसाचा जीव कासावीस होतो तो निराळाच.

कागद आधी, पैसा मागून

मग दादांनी खरी गोष्ट सांगितली. एका माणसाने त्यांना विकतची खोली दाखवली होती. भाव फारच कमी. "दोन दिवसांत टोकन दे, नाहीतर दुसरा घेईल," असे तो म्हणत होता. ताईंचे मंगळसूत्र मोडून पैसे द्यायचे ठरत होते. कागद काय, तर घरपट्टीची पावती, विजेचे बिल आणि नोटरीचा कागद.

इथे आम्ही त्यांना थांबवले. घरपट्टीच्या पावतीने मालकी ठरत नाही. विजेच्या बिलानेही ठरत नाही. आधी सात-बाराचा उतारा पाहावा. जमीन कोणाच्या नावावर आहे, ते त्यात कळते.

आपल्या जिल्ह्यात हे फार महत्त्वाचे आहे. इथली पुष्कळ जमीन आदिवासी खातेदारांची आहे. सरकारच्या मंजुरीने जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय अशी जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही. तसा व्यवहार झाला, तर जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. घेणाऱ्याचा पैसा बुडतो. आणि ज्या आदिवासी भावाची जमीन थोड्या पैशात लाटली जाते, त्याचेही नुकसान होते. हा कायदा त्याच्यासाठीच आहे.

इमारतीतली खोली असेल, तर बांधकामाची परवानगी आणि भोगवट्याचा दाखला मागा. मोठ्या नव्या इमारतीची नोंद 'महारेरा'कडे करावी लागते. मे २०१७ पासून हा कायदा लागू आहे. विक्रीचा दस्त दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवा. भाड्याच्या खोलीचाही करार लेखी आणि नोंदलेला असावा, असे कायदा सांगतो.

दादा सात-बारा आणायला तलाठ्याच्या कचेरीत गेले. उतारा त्यांनी स्वतः वाचला. सावकाश, एकेक अक्षर लावून वाचला. खोली दाखवणाऱ्याचे नाव त्यात कुठेच नव्हते. मंगळसूत्र वाचले.

मग काय ठरले?

दोघांनी मिळून ठरवले. एवढ्यात विकत काही घ्यायचे नाही. एक वर्ष भाड्याने राहायचे. कारखान्यांपासून दूर, उमरोळीच्या बाजूला खोली पाहायची. दादांना काम फार लांब पडत नाही आणि आईलाही बरे. खोली बघायला ते दोनदा गेले. एकदा दिवसा, एकदा रात्री. रात्री वास येतो का, ते पाहिले. पाणी किती वाजता येते, ते शेजारणीला विचारले.

तुमचे उत्तर वेगळे असेल. ज्याचे काम कचेरीत किंवा बाजारात आहे, त्याला पालघर सोयीचे. ज्याची पाळी कारखान्यात आहे, त्याला बोईसर सोयीचे. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. पण मनाचे करण्याआधी हिशेब मांडावा, कागद वाचावा आणि घरातल्या सगळ्यांना विचारावे.

विचार करा

१. स्वस्त घर आणि परवडणारे घर यांत काय फरक आहे?
२. मावशींनी कोणता खर्च दाखवून दिला?
३. घरपट्टीची पावती दाखवून कोणी खोली विकू लागला, तर तुम्ही काय विचाराल?
४. आपल्या घराचा महिन्याचा खर्च वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.