सोनेरी काठाचा कागद

पालकहो, दिवाळी सरून कॉलेज पुन्हा सुरू झालं की माझा फोन वाजायला लागतो. जिल्ह्याच्या गावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी 19 वर्षं कॉम्प्युटर शिकवते आहे आणि गेली काही वर्षं प्लेसमेंटचं कामही माझ्याच गळ्यात आहे. फोनवरचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, भावकीतल्या पोराला पुण्यात इंटर्नशिप मिळाली, आमच्याला कुठंच काही नाही. आता याचं पुढं कसं व्हायचं?" दोन वर्षांपूर्वी त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली. "आठ हजार भरले की देतात म्हणे. भरू का?"

हे विचारणारे दादा शेतकरी. सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आलेले, मुलगी तिसऱ्या वर्षाला. कुठल्याशा कंपनीचा तिला मेसेज आला होता : चार आठवडे, घरबसल्या, शेवटी सर्टिफिकेट. नोंदणीचे 2,000 त्यांनी भरूनही टाकले होते. उरलेले 6,000 भरायच्या आधी, विचारावं म्हणून त्यांनी फोन केला. मी त्यांना तेव्हा जे सांगितलं, तेच आज जरा सविस्तर सांगते.

काम शिकवून कंपनी पैसे मागत असेल, तर ती इंटर्नशिप नाही. तो क्लास आहे. क्लास लावायला माझी हरकत नाही, पण मग तो क्लास म्हणून लावा आणि क्लाससारखा पारखून घ्या. या चार आठवड्यांत होतं काय ते मी मुलांच्या फायलींत दर वर्षी बघते. पहिल्या आठवड्यात कॅल्क्युलेटर, दुसऱ्यात कामांची यादी ठेवणारं ॲप, तिसऱ्यात टायटॅनिक बोटीवरचे कोणते प्रवासी वाचले असतील त्याचा अंदाज. इंटरनेटवर या तिन्हींचा तयार कोड शेकड्यांनी पडलेला आहे. मुलं तो उतरवतात, पाठवतात, आणि दोन दिवसांत सोनेरी काठाचा कागद येतो. खाली सही असते ती कुणाची, हे मुलांनाही माहीत नसतं. एका वर्षी माझ्या टेबलावर अशा 31 फायली होत्या आणि त्यातल्या 11 फायलींत कॅल्क्युलेटरचं बटण एकाच जागी चुकलेलं होतं.

आता आमचंही पाप सांगते. हा बाजार नुसत्या त्या कंपन्यांनी मांडलेला नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं 2018 साली नवा नमुना अभ्यासक्रम आणला. पदवीचे एकूण श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, कमी करून 160 वर आणले आणि इंटर्नशिपला मानाचं पान दिलं. पुढे परिषदेच्या धोरणात चार वर्षांत मिळून 600 ते 700 तासांची गोष्ट आली. विचार चांगलाच होता. पिलानीच्या बिट्समध्ये 1973 पासून मुलांना महिनोन्महिने कारखान्यांत आणि कंपन्यांत पाठवतात, त्याचं नाव आजही निघतं. पण ज्या गावात सॉफ्टवेअरच्या दोन कंपन्याही धड नाहीत, तिथल्या वर्गातल्या 120 मुलांनी ते तास कुठं भरायचे? श्रेयांकासाठी कागद लागतो. आम्ही कागद मागितला, मुलांनी तो विकत आणला आणि आम्ही फाइलला पंच मारून कपाटात ठेवली. मीही ठेवली आहे.

तर मूळ प्रश्नाकडे येऊ. पदवी हातात पडण्याआधी इंटर्नशिप हवीच का?

नोकरीपुरतं विचाराल तर माझं उत्तर दोन तोंडांचं आहे. कॅम्पसवर येऊन एका दमात शे-दोनशे मुलं उचलणाऱ्या मोठ्या सेवा कंपन्या आधी ॲप्टिट्यूड घेतात, थोडं कोडिंग घेतात, मुलाखत घेतात आणि घेतलेल्या मुलांना स्वतःच काही महिने शिकवतात. तिथं इंटर्नशिप नाही म्हणून मूल मागे पडलेलं मी पाहिलेलं नाही. बॅकलॉगमुळे पडलेली मात्र ढिगानं पाहिली आहेत. दुसरीकडे स्वतःचं उत्पादन बनवणाऱ्या, मोठं पॅकेज देणाऱ्या कंपन्या. त्यांच्यासाठी उन्हाळ्याची इंटर्नशिप हीच खरी मुलाखत असते. दोन महिने काम बघतात आणि आवडलं तर जाताना नोकरीचं पत्र देतात, त्याला मुलं पीपीओ म्हणतात. पण ती निवड तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच होऊन जाते आणि ती बरीचशी नावाजलेल्या कॉलेजांत होते. आपल्या मुलाचं कॉलेज त्या यादीत नसेल तर त्याबद्दल मुलाला बोल लावू नका. तो सीईटीच्या वेळीच झालेला हिशेब आहे.

पण नोकरी बाजूला ठेवून, मुलाला काम यायला पाहिजे एवढंच बघितलं, तर माझं मत पक्कं आहे. चार वर्षांत एकदा तरी मुलानं असं काहीतरी केलेलं असावं, की ते बिघडलं तर दुसऱ्या कुणाचं तरी अडेल. वर्गातला प्रोजेक्ट बिघडला तर कुणाचंच अडत नाही, परीक्षक चहा पिऊन निघून जातात.

त्या सोयाबीनवाल्या दादांच्या मुलीचं पुढं काय झालं ते सांगते. मी विचारलं, "दादा, दूध कुठं घालता?" म्हणाले, "गावातल्या डेअरीत." "तिथं हिशेब कॉम्प्युटरवर होतो ना? मग तिला महिनाभर तिथं बसू द्या. सचिवांशी मी बोलते." पलीकडे शांतता. मग म्हणाले, "मॅडम, एवढं शिकवून पोरगी परत डेअरीतच बसवायची?" त्यांचा आवाज मला अजून आठवतो. त्यात राग नव्हता, दुखावलेपण होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गेली. पहाटे साडेपाचला दार उघडायचं. किटल्या घेऊन रांग लागलेली. दूध मापात ओतायचं, नमुना मशीनला लावायचा, फॅट आणि एसएनएफ आले की सभासदाचा नंबर टाकायचा, चिठ्ठी निघते. दर दहा दिवसांनी बिल. प्रोग्रॅम जुना, व्हिज्युअल बेसिकमधला, गावातल्याच एका मुलानं करून दिलेला आणि तो मुलगा केव्हाच दुबईला गेलेला. कोडमध्ये नावं कशी, तर ए, ए1, ए2, परत ए1. पहिले पाच दिवस तिनं फक्त वाचलं. मला फोन करून रडली की हे कुणालाच कळणार नाही. मी म्हटलं, वाच.

सहाव्या दिवशी तिला दिसलं की तिथं रोज सकाळी पाच-सात मिनिटं वीज जाते. कॉम्प्युटर बंद पडतो, परत सुरू होतो. चिठ्ठी निघालेली नसते म्हणून ऑपरेटर तीच नोंद पुन्हा टाकतो. पण आधीची नोंद आत पडलेली असते! एका किटलीचं दूध दोनदा जमा. दहा दिवसांनी टँकरच्या लिटरशी मेळ बसला नाही की सचिव लाल पेनानं अंदाजानं एक नोंद खोडायचे, आणि कधी कधी भलत्याच सभासदाची खोडली जायची. त्यावरून गावात भांडणं. बँकेत एका खात्यातून पैसे गेले आणि दुसऱ्यात पोचायच्या आत वीज गेली तर काय, हा प्रश्न आम्ही डेटाबेसच्या पेपरात दर वर्षी घालतो. तिनं त्याचं उत्तर लिहून सहापैकी पाच मार्क घेतले होते. तो प्रश्न आपल्याच गावात रोज पहाटे घडतो हे तिला तेव्हा कळलं.

तिनं उपाय केला. त्याच दिवशी, त्याच पाळीला, त्याच नंबरची दुसरी नोंद आली की मशीननं अडवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी रांग तुंबली. माणसं ओरडायला लागली. का, तर अर्ध्या गावाकडे गाय पण आहे आणि म्हैस पण. एकाच नंबरवर दोन किटल्या, दोन्ही खऱ्या. तिचे स्वतःचे वडील रांगेत उभे, त्यांचंही म्हशीचं दूध अडलेलं. ही गोष्ट तिला जन्मापासून माहीत होती, पण कोड लिहिताना आठवली नाही. त्या रात्री बसून तिनं दुधाचा प्रकार तपासात घातला. आधीची नोंद पडली आहे का ते दाखवून मगच पुढं जायचं अशी सोय केली आणि तीन दिवस स्वतः रांगेशेजारी उभी राहिली.

याला मी इंटर्नशिप म्हणते. दुसऱ्याचा कोड वाचणं, काम करणाऱ्याच्या शेजारी उभं राहून बघणं, आपल्या चुकीवर माणसं ओरडलेली ऐकणं आणि दुसऱ्या दिवशी परत तिथंच जाणं. नोकरी तिला त्यामुळेच लागली असं मी छातीठोक सांगणार नाही, ॲप्टिट्यूडही तिचं चांगलं होतं. पण मुलाखत घेणाऱ्यांनी टायटॅनिकबद्दल एक शब्द विचारला नाही. गायी-म्हशींबद्दल वीस मिनिटं बोलत होते, हे तिनंच सांगितलं.

कॉलेजच्या फाइलसाठी डेअरीच्या लेटरहेडवर सचिवांनी मराठीतून पत्र दिलं. सोनेरी काठ नव्हता, गोल शिक्का होता. आमच्या समितीत त्यावर कुरकूर झाली, ती मी निभावून नेली.

डेअरीच पाहिजे असं नाही. पतसंस्था, दवाखान्याची नोंदणी, शाळेचं ग्रंथालय, सीएचं ऑफिस, बाजार समितीतला अडत्या, कुठंही कुणीतरी एक्सेलशी झगडत बसलेलं असतंच. आणि ज्याला हे नको, जो रात्री-अपरात्री स्क्रीनला चिकटलेला असतो, त्याला ओपन सोर्सकडे वळू द्या. जगभरची माणसं मिळून जो उघडा कोड लिहितात, त्यात घरबसल्या हातभार लावता येतो. गूगल समर ऑफ कोड 2005 पासून चालू आहे. त्यात मार्गदर्शक मिळतो, मानधन मिळतं, आणि कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही. अर्ज साधारण मार्चमध्ये, पण त्याआधी चार-सहा महिने त्या प्रकल्पात वावर हवा. निवड अवघड आहे. नाही झाली तरी परक्या माणसानं आपला कोड तपासून परत पाठवला, एवढं शिक्षण पदरात पडतंच.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या योजनांबद्दल एक खुलासा. पंतप्रधान इंटर्नशिप योजना 2024 साली महिना 5,000 रुपयांची म्हणून सुरू झाली, राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही त्याच वर्षीची. या दोन्ही शिक्षण संपवून घरी बसलेल्या मुलांसाठी आखल्या होत्या. पूर्णवेळ शिकणाऱ्या तुमच्या मुलाचा अर्ज तिथं बसला नाही तर त्याच्यावर चिडू नका.

आता पुण्याला पाठवायचं की नाही. मिळालेली कंपनी खरी असेल, मानधन देत असेल, तर पाठवा. मानधन नसेल तर हिशेब मांडा. हिंजवडी-वाकडकडे राहणं-जेवण-प्रवास धरून दोन महिन्यांचे सहज 25,000 जातात. फुकट राबायला एवढे पैसे घालून जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फुकटच करायचं तर आपल्या गावात करावं, रात्री घरचं जेवण तरी मिळतं.

आणि मुलींच्या आईवडिलांशी वेगळं बोलायचं आहे. माझ्या वर्गात पहिल्या दहांत सहा मुली असतात. पुण्याची चांगली, मानधनाची संधी आली की त्यातल्या चार घरी बसतात. "दोन महिन्यांसाठी एकटी कुठं राहणार?" ठीक आहे, काळजी असते, मलाही मुलगी आहे. पण पुढल्या वर्षी नोकरी लागली की तिला तिथंच एकटीला राहायचं आहे ना? तेव्हा अनोळखी शहर, अनोळखी ऑफिस आणि पहिला पगार हे सगळं एकदम अंगावर येण्यापेक्षा दोन महिन्यांची रंगीत तालीम काय वाईट? तुम्ही एकदा बरोबर जा. खोली बघा, मेस बघा, ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन या. मग तिला तिथं राहू द्या.

घरी मूल संध्याकाळी परत आलं की "सर्टिफिकेट कधी देणार?" असं विचारू नका. आज काय अडलं, कुणाला विचारलंस, ते विचारा. तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काही कळत नसलं तरी चालेल. सांगता सांगता त्याचं त्यालाच उलगडतं.

त्या दादांचे 2,000 परत मिळाले नाहीत. फोन लागला नाही, मेलला उत्तर आलं नाही. तेव्हा तुमच्याकडे असा मेसेज आला असेल तर पैसे भरण्याच्या आधी कॉलेजात फोन करा. शनिवारी दुपारी मी विभागातच असते.