गुडघेदुखीची पुडी : गुण कशाचा?

प्रश्न : बाजारातून घेतलेल्या जडीबुटीच्या पुडीने आईची गुडघेदुखी दोन दिवसांत थांबली. तीन महिने ती रोज घेते आहे. आता चेहरा सुजलाय. भेसळ असेल का? – एक वाचक, पुणतांबा

उत्तर : शंका रास्त आहे. अशा चूर्णांत डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड किंवा डायक्लोफिनॅक मिसळल्याचे अनेकदा आढळले आहे. स्टिरॉइडने चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब वाढतो. वास-चवीवरून ते ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफीसारख्या तपासणीनेच कळते. पुडी स्वतःहून एकदम बंद करू नका. स्टिरॉइड अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. उरलेली पुडी घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारही करा. यापुढे परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक आणि मुदत पाहिल्याशिवाय औषध घेऊ नका.