संगणकांचा कार्यभार : जुन्या सर्व्हरकडून नव्या सर्व्हरकडे

शासकीय सेवेत बदली झालेला अधिकारी कार्यभार सोपविल्याशिवाय जागा सोडीत नाही. दप्तर, किल्ल्या व रोख शिल्लक यांची यादी होते, देणारा व घेणारा अशा दोघांच्याही सह्या होतात आणि मगच जुना अधिकारी कार्यमुक्त होतो. कार्यालयातील संगणकांचे व्यवस्थापन एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेतानाही हाच दंडक लागू पडतो. तो मोडल्याचे परिणाम मात्र कित्येक महिने कोणाच्या ध्यानात येत नाहीत.

एजंट म्हणजे काय?

गिरगाव, दादर, परळ व लालबाग येथे शाखा आणि फोर्टमध्ये मुख्य कार्यालय असलेली एखादी संस्था उदाहरणादाखल घेऊ. शाखांत मिळून २०० संगणक असतील, तर त्यांच्या देखभालीसाठी तंत्रज्ञाने रोज शाखोशाखी हिंडणे शक्य नाही. म्हणून प्रत्येक संगणकात एक छोटी आज्ञावली बसविलेली असते. तिलाच एजंट म्हणतात. हा एजंट ठराविक वेळाने मुख्य कार्यालयातील सर्व्हरशी संपर्क साधतो, संगणकाची स्थिती कळवितो आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या बसविण्यासारखी कामे सर्व्हरच्या आदेशानुसार पार पाडतो. बहुतेक व्यवस्थांत सर्व्हर एजंटाकडे जात नाही, एजंटच सर्व्हरच्या दारी येतो. त्याला ते दार ठाऊक असते, ते त्याच्याजवळ नोंदलेल्या पत्त्यामुळे.

पत्ता बदलला नाही तर?

नवा सर्व्हर आणला, जुना बंद केला आणि एजंटांजवळचा पत्ता तसाच राहिला, तर ते बंद दारावर थाप मारीत राहतात. संगणक चालू असतो, टंकलेखन व छपाई सुरळीत होते, सबब कोणी तक्रार करीत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे मात्र थांबलेले असते. याचे मोल किती, हे २०१७ साली दिसून आले. विंडोज प्रणालीतील एका उणिवेवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी उपलब्ध करून दिली होती. १२ मे रोजी वॅनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर थैमान घातले, तेव्हा त्याच्या तावडीत सापडले ते ही दुरुस्ती न पोहोचलेले संगणक.

हस्तांतरणाची रीत

पहिले काम यादीचे. जुन्या सर्व्हरवरून प्रत्येक संगणकाचे नाव, शाखा आणि शेवटच्या संपर्काची तारीख उतरवून घ्यावी. त्यानंतर नवा सर्व्हर सज्ज करून चारही शाखांतून तेथवर संपर्क होतो की नाही, हे तपासावे. मग एकाच शाखेतील, समजा गिरगावातील, पाच-दहा संगणकांवर प्रयोग करावा.

पत्ता बदलण्याचा आदेश जुन्या सर्व्हरकडूनच द्यावा, कारण एजंट त्यालाच ओळखतो. हा आदेश मिळताच एजंट नव्या सर्व्हरकडे नोंदणी करतो. म्हणूनच जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच हे काम दूरवरून सहज होते. तो बंद पडल्यावर दुसरी सोय केलेली नसेल, तर प्रत्येक संगणकापाशी जाण्याची पाळी येते.

शेवटी दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात. जुन्या यादीत २०० आणि नव्या यादीत १८८ नावे असतील, तर १२ संगणक कोठे आहेत याचा शोध घेतलाच पाहिजे. काही बंद असतील, काही रजेवरील कर्मचाऱ्याच्या कपाटात असतील. एकाच नमुन्यावरून नकला करून तयार केलेल्या संगणकांत एजंटाचा ओळख क्रमांकही एकच उतरलेला असू शकतो. मग दोन संगणक यादीत एकच दिसतात. हा हिशेब जुळेपर्यंत जुना सर्व्हर चालू ठेवावा.

विश्वास आणि आपत्ती

एजंटाला संगणकावर व्यापक अधिकार असतात. सबब नव्या सर्व्हरची ओळख डिजिटल प्रमाणपत्रावरून पटल्याखेरीज त्याने आज्ञा पाळता कामा नये. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेब-आज्ञावलीच्या सुधारणा पुरविणाऱ्या व्यवस्थेतूनच नॉटपेट्या हा विषाणू पसरला. मुंबईच्या समोरील जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. ज्याच्यावर विश्वास, त्याच्याच हातून घात झाला.

सोपविण्याची संधी न देता जुनी व्यवस्था नाहीशी होऊ शकते, हेही विसरता येत नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयात लागलेल्या आगीत पाच जणांचे प्राण गेले आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य कागदपत्रे भस्मसात झाली. असा प्रसंग ध्यानी घेऊन एजंटांजवळ सर्व्हरचा आकडी पत्ता न देता नाव नोंदवावे. मूळ यंत्र नष्ट झाले, तरी तेच नाव नव्या यंत्राला देता येते. मात्र प्रमाणपत्राची व नोंदींची प्रत अन्यत्र सुरक्षित ठेवलेली असली पाहिजे.

आपले कर्तव्य

हे काम तंत्रज्ञाचे असले, तरी जबाबदारी कार्यालयप्रमुखाची आहे. शाळेच्या संगणक कक्षात आठ संगणक असोत की ग्रामपंचायतीत दोन, जुना सर्व्हर बंद करण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी संबंधितांनी एवढेच विचारावे: जुन्या यादीतील प्रत्येक संगणक नव्या यादीत आला आहे काय? उत्तर होकारार्थी असेल, तरच कार्यभार पूर्ण झाला असे समजावे.