घरातील पाण्याचा दाब आणि पंपाची निवड

टाकी भरलेली आहे, नळ पूर्ण उघडला आहे, तरीही वरच्या मजल्यावरील स्नानगृहात शॉवरमधून पाण्याची बारीक धार तेवढी पडते, हा अनुभव देशातील बहुतेक शहरांतील कुटुंबांच्या परिचयाचा आहे. गच्चीवर प्लास्टिकच्या टाक्या मांडलेले दिल्लीतील घर असो, अंगणात जमिनीखाली ‘सम्प’ बांधलेला चेन्नई अथवा बंगळूरमधील बंगला असो, वा पुण्या-मुंबईतील सदनिका असो. तक्रार एकच असते. यावर ‘एक मोटार बसवून टाका’ हा सल्ला सहज दिला जातो आणि तितक्याच सहजपणे बाजारातून एक अश्वशक्तीचा पंप आणून जोडलाही जातो. काही घरांत त्यामुळे प्रश्न सुटतो. काही घरांत मात्र भिंतीतील जुने पाइप गळू लागतात, गीझर बिघडतो, वीजबिल वाढते. आणि पंप थेट नगरपालिकेच्या जलवाहिनीवर बसविला असेल तर साऱ्या गल्लीचे आरोग्य धोक्यात येते.

पंप पाण्याला दाब देतो. तो पाणी निर्माण करीत नाही. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तर पंप घ्यावा की नाही, घ्यावा तर केवढा आणि तो कोठे बसवावा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सापडतात. कर्जप्रस्तावाची छाननी केल्यावाचून जशी रक्कम मंजूर होत नाही, तशीच घरातील पाण्याची छाननी केल्यावाचून पंपावर खर्च करू नये.

दाब येतो कोठून?

गच्चीवरील टाकीतून नळाला मिळणारा दाब केवळ उंचीवर अवलंबून असतो. टाकीतील पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर नळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब मिळतो. व्यवहारात यालाच ‘एक किलो दाब’ म्हणतात. टाकी ५०० लिटरची असो वा ५,००० लिटरची, दाबात फरक पडत नाही. फरक पडतो तो पातळीच्या उंचीने.

एका साध्या दुमजली घराचे उदाहरण घेऊ. वरच्या मजल्यावरील शॉवर जमिनीपासून २.१ मीटर उंचीवर आहे. गच्चीची पातळी त्याच जमिनीपासून ३ मीटरवर आहे. टाकी ६० सेंटिमीटर उंचीच्या ओट्यावर असून तीत अर्धा मीटर पाणी आहे. म्हणजे पाण्याची पातळी ४.१ मीटरवर आली आणि शॉवरच्या वाट्याला उरली फक्त २ मीटर उंची, अर्थात ०.२ किलो दाब. त्याच घरात तळमजल्यावरील शॉवरला ५ मीटर, म्हणजे ०.५ किलो दाब मिळतो. चांगल्या धारेसाठी शॉवरला साधारणतः १ किलो दाब हवा. वरच्या मजल्याची तक्रार अधिक का असते, याचे उत्तर या आकड्यांतच आहे.

उंचीने मिळालेल्या या दाबातून पाइपमधील घर्षणाची वजावट होते. पाणी तेवढेच वाहत असताना पाऊण इंचाच्या पाइपऐवजी अर्ध्या इंचाचा पाइप वापरला तर घर्षणामुळे होणारी हानी सुमारे सात पट होते. जुन्या जस्तलेपित लोखंडी पाइपांत गंज व क्षार साचून आतील मार्ग आक्रसलेला असेल, तर हानी त्याहूनही अधिक.

प्रथम निदान

बादली आणि घड्याळ ही दोन साधने निदानास पुरेशी आहेत. १५ लिटरची बादली ज्या नळाखाली दीड मिनिटात भरते, त्या नळाचा प्रवाह मिनिटाला १० लिटर आहे, असे समजावे. तीच बादली भरण्यास पाच मिनिटे लागत असतील तर प्रवाह अवघा ३ लिटर आहे. घरातील प्रत्येक नळाखाली ही मोजणी करून आकडे कागदावर मांडले की कारण बहुधा स्पष्ट होते.

एकाच नळाला धार कमी असेल तर दोष त्या नळाच्या जाळीत, शॉवरच्या क्षाराने बुजलेल्या छिद्रांत किंवा अर्धवट उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमध्ये असतो. फक्त गरम पाण्याला धार कमी असेल तर गीझर व त्याची जोडणी तपासावी. एका स्नानगृहातील सर्वच नळ मंद असतील तर त्या शाखेचा पाइप अरुंद झालेला असण्याची शक्यता अधिक. वरचा मजला मंद आणि तळमजला समाधानकारक असेल, तर उंचीच अपुरी आहे. आणि टाकीच पूर्ण भरत नसेल, तर तो दाबाचा नव्हे, पुरवठ्याचा प्रश्न आहे. टाकीनंतर बसविलेला कोणताही पंप तो सोडवू शकणार नाही.

पंपाविना होणारे उपाय

शॉवरची जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्यास क्षार सुटतात. क्षारयुक्त पाण्याच्या भागांत हे काम नियमाने करावे. टाकीतून निघणारा मुख्य पाइप अर्ध्या इंचाचा असेल तर तो एक इंचाचा करावा आणि प्रत्येक स्नानगृहाची शाखा पाऊण इंचाची ठेवावी. टाकीचा ओटा उंच करणे हाही मार्ग आहे. वरील उदाहरणात टाकी आणखी दीड मीटर उचलली तर वरच्या शॉवरचा दाब ०.२ वरून ०.३५ किलो होईल आणि प्रवाह सुमारे एकतृतीयांशाने वाढेल. मात्र १,००० लिटर पाण्याचे वजन एक टन असते. तेवढा भार उंचावर नेण्यापूर्वी बांधकाम अभियंत्याचा सल्ला घेणे अनिवार्य समजावे.

हे उपाय करूनही वरच्या मजल्याची धार अपुरीच राहिली, तर दाब वाढविणारा पंप हा योग्य उपाय ठरतो.

पंपाची जागा: टाकीनंतर

नगरपालिकेच्या जलवाहिनीतून येणाऱ्या जोडणीवर थेट मोटार बसवून पाणी खेचणे ही अनेक वस्त्यांत रूढ झालेली प्रथा आहे. ती नियमबाह्य तर आहेच, परंतु नियमापेक्षाही तिच्यामागील विज्ञान समजून घेणे महत्त्वाचे आहे.

वाहिनीत दाब असतो तोवर एखाद्या फटीतून पाणी बाहेर झिरपते. बाहेरचे काही आत येऊ शकत नाही. मोटार पाणी ओढू लागली की वाहिनीतील दाब वातावरणाच्या दाबाहूनही खाली जाऊ शकतो. अशा वेळी शेजारून जाणाऱ्या गटाराचे वा साचलेल्या डबक्याचे पाणी त्याच फटीतून आत खेचले जाते. कावीळ, विषमज्वर व अतिसाराचे जंतू या मार्गाने शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळतात. ज्या घरात मोटार आहे त्याच घरात ते जातील, असेही नाही. पुढच्या घरातील तान्ह्या बाळाच्या पेल्यातही ते पोहोचू शकतात. शिवाय एका घराने ओढलेले अधिक पाणी हे वाहिनीच्या टोकाशी राहणाऱ्या दुसऱ्या घराच्या वाट्याचेच असते. ते पाहून तेही घर मोटार बसविते आणि अखेरीस सर्वांच्या मोटारी चालू असूनही कोणालाच पुरेसे पाणी मिळत नाही.

केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरणीय अभियांत्रिकी संघटनेच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेत घरजोडणीच्या ठिकाणी एकमजली इमारतीसाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर व तीनमजलीसाठी १७ मीटर इतका किमान दाब अपेक्षिला होता. ठरावीक वेळीच पाणी सोडणाऱ्या अनेक शहरांत तो प्रत्यक्षात मिळत नाही. ओडिशातील पुरी शहरात जुलै २०२१ मध्ये चोवीस तास, थेट नळातून पिण्यायोग्य पाणी देणारी योजना सुरू झाली. वाहिनी सदैव दाबाखाली असणे हा अशा योजनांचा पाया असतो, तो याच कारणासाठी.

म्हणून योग्य रचना अशी: नगरपालिकेचे पाणी स्वतःच्या दाबाने जमिनीखालील टाकीत यावे, तेथून साध्या पंपाने गच्चीवरील टाकीत चढावे आणि दाब वाढविणारा पंप गच्चीवरील टाकी व घरातील नळ यांच्या दरम्यान असावा. अशा रचनेत तो केवळ घरमालकाच्या स्वतःच्या साठ्यातील पाणी ढकलतो. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावत नाही.

केवढा पंप पुरेसा?

‘थोडा मोठाच घेतलेला बरा’ हा विचार येथे तोट्याचा ठरतो. दोन शॉवर व एक नळ एकाच वेळी चालू राहतील असे धरले, तर मिनिटाला सुमारे २५ लिटर प्रवाह लागतो. त्याला १५ मीटर उंचीइतका, म्हणजे दीड किलो दाब द्यावयाचा आहे. यासाठी लागणारी निव्वळ शक्ती सुमारे ६१ वॅट भरते. लहान पंपाची एकूण कार्यक्षमता ३० टक्केच धरली तरी विजेची गरज सुमारे २०५ वॅट होते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. याचा अर्थ असा की सर्वसाधारण घराला अर्ध्या अश्वशक्तीचा पंप पुरून उरतो.

पंपाच्या पट्टीवर कमाल उंची आणि कमाल प्रवाह असे दोन आकडे छापलेले असतात. हे दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. उंची कमाल असते तेव्हा प्रवाह जवळजवळ शून्य असतो. म्हणून विक्रेत्याकडून पंपाचा आलेख अथवा तक्ता मागून घ्यावा आणि १५ मीटरला मिनिटाला किती लिटर मिळतात, एवढेच पाहावे. भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह व लेखी हमी यांचीही खातरजमा करावी.

जोडणी व उपकरणांची काळजी

टाकीनंतर अनुक्रमे बंद करण्याचा व्हॉल्व्ह, कचरा अडविणारी जाळी, पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, दाबटाकी व दाबमापक असा क्रम असावा. दाबटाकीत रबरी पडद्याच्या एका बाजूस हवा व दुसऱ्या बाजूस पाणी असते. तिच्यामुळे पेलाभर पाण्यासाठी मोटारीला प्रत्येक वेळी चालू व्हावे लागत नाही. दाब १ किलोवर उतरला की मोटार चालू आणि २ किलोवर पोहोचला की बंद, अशी दाबस्विचची मर्यादा बहुतेक घरांना पुरते. पंपाला वळसा घालणारा एक पाइप व्हॉल्व्हसह ठेवल्यास वीज नसतानाही पूर्वीप्रमाणे पाणी मिळत राहते. टाकी रिकामी होताच मोटार थांबविणारी यंत्रणा अवश्य असावी. कोरडा चाललेला पंप अल्पावधीत निकामी होतो.

रात्री कोणी नळ उघडलेला नसताना पंप अधूनमधून चालू होत असेल तर घरात कोठेतरी गळती आहे, असे निश्चित समजावे. त्या दृष्टीने पंप हा घरातील पाण्याचा लेखापरीक्षकच होय.

जुन्या घरात पंप जोडण्यापूर्वी प्लंबरकडून पाइपांची दाबचाचणी करून घ्यावी. गीझरवरील पट्टीत दिलेला कमाल दाब पंपाच्या दाबापेक्षा अधिक आहे ना, हे पाहावे. ज्या सौर जलतापकाला गच्चीवर उघडी हवानळी असते, तो दाबाखाली चालण्यासाठी बनविलेला नसतो. त्याच्या थंड पाण्याच्या जोडणीला पंपाचा दाब कदापि देऊ नये. गरम पाण्याच्या मार्गावर, जलतापकानंतर, उष्णता सहन करणारा स्वतंत्र लहान पंप हाच तेथील सुरक्षित पर्याय आहे.

पाणी व वीज एकत्र येतात तेथे हलगर्जीपणा जिवावर बेततो. पंपाला पक्के अर्थिंग, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. पंप पावसापासून सुरक्षित, हवेशीर जागी, कंप शोषणाऱ्या रबरी पट्ट्यांवर बसवावा. वीजजोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

खर्चाचा व संमतीचा विचार

अर्ध्या अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे अर्धा ते पाऊण युनिट वीज घेतो. तो दिवसाकाठी एक तास चालला आणि युनिटचा दर ८ रुपये धरला, तर महिन्याचा खर्च १२० ते १८० रुपयांच्या दरम्यान येतो. खरेदीचे अंदाजपत्रक करताना मात्र पंपाच्या किमतीबरोबर पाइप, व्हॉल्व्ह, दाबटाकी, वीजजोडणी व मजुरी हे सर्व घटक जमेस धरावेत. कित्येकदा त्यांची बेरीज पंपाच्या किमतीइतकी होते.

सदनिकेत राहणाऱ्यांनी आणखी एक बाब पाहावी. गच्चीवरून उतरणारा पाइप अनेक सदनिकांना सामायिक असेल तर एकाने त्यावर बसविलेला पंप शेजाऱ्यांचे पाणी ओढतो. अशा ठिकाणी गृहनिर्माण संस्थेच्या सभेत विषय मांडून वरच्या मजल्यांसाठी सामायिक पंप बसविणे न्याय्य ठरते. बदलीच्या निमित्ताने गावोगावी भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाची लेखी संमती घ्यावी आणि जोडणीत दोन्ही बाजूंना युनियन बसवून घ्यावेत, म्हणजे घर सोडताना पाइप न कापता पंप काढून नेता येतो.

मोजमाप आधी, दुरुस्ती नंतर आणि खरेदी सर्वांत शेवटी, हा क्रम पाळणाऱ्या कुटुंबाला पुष्कळदा पंपाची गरजच उरत नाही. ज्यांना ती उरते, त्यांचा लहानसा पंप स्वतःच्या टाकीतील पाण्यावर वर्षानुवर्षे मुकाट्याने काम करीत राहतो. त्यासाठी शेजाऱ्याच्या नळाची धार तुटत नाही आणि कोणाच्या पेल्यात गढूळ पाणीही येत नाही.