उपासनेत वाद्ये असावीत काय?

नाताळाच्या तयारीच्या दिवसांत बपेऱ्याहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "गुरुजी, गावच्या दंडारीत मी ढोलकी वाजवतो. तीच प्रार्थनेत वाजवली तर पाप होईल का?" त्याच्या आजोबांनी 'पेटी चालेल, ढोलकी नको' असे बजावले होते. आम्ही घाईने 'वडिलांचे ऐकावे' एवढेच म्हणालो. मुलगा मुकाट्याने शेवटच्या बाकावर जाऊन बसला, आणि त्यानंतर तो गाईनासा झाला. आपले उत्तर अपुरे होते हे जाणून आम्ही या प्रश्नाचा अभ्यास केला. तो विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम शास्त्र पाहू. शेवटच्या स्तोत्रात कर्णा, वीणा, डफ, झांजा या सर्वांनी देवाचे स्तवन करण्यास सांगितले आहे. परंतु आमोस संदेष्टा सांगतो की, जेथे न्याय नाही तेथील वीणांचा नाद देवाला नकोसा होतो. नव्या करारात वाद्यांविषयी आज्ञा नाही, तसा निषेधही नाही. शेवटच्या भोजनानंतर प्रभू व शिष्य गीत गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे गेले. तेथे वाद्याचा उल्लेख नाही. पौल मात्र करिंथकरांस एक मार्मिक दाखला देतो : पाव्याचे किंवा वीणेचे सूर स्पष्ट नसतील, तर काय वाजते आहे हे कोणास कसे कळणार?

आता इतिहास पाहू. आरंभीच्या शतकांतील मंडळीच्या आचार्यांनी वाद्ये टाळली, कारण ती नाटकगृहांशी व मूर्तिपूजेच्या मेजवान्यांशी जोडलेली होती. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत बहुधा आजही केवळ कंठानेच गातात. उलट इथिओपियाच्या प्राचीन मंडळीत मोठे ढोल वाजतात. सुधारणेच्या काळात, 1527 साली, झुरिकच्या मुख्य मंदिरातील ऑर्गन काढून टाकण्यात आला.

आपल्या प्रांताशी निगडित असलेली गोष्ट तर याहूनही बोधप्रद आहे. 1845 साली रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप नागपुरास आले, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने. त्या चर्चने उपासनेत वाद्यास परवानगी दिली ती 1883 साली, म्हणजे हिस्लॉपसाहेबांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी! जी पेटी आज आपणांस 'चर्चची' वाटते, तिच्यासारखे वाद्य त्यांच्या मायदेशी त्यांच्याच मंडळीत वर्ज्य होते. पेटी तरी कोठली? हार्मोनियमचे पेटंट 1842 साली पॅरिसमध्ये घेतले गेले. यावरून दिसते की, कोणतेही वाद्य जन्मतः पवित्र किंवा अपवित्र नसते. सवयीने ते तसे वाटू लागते.

महाराष्ट्रात हे मर्म नारायण वामन टिळकांनी ओळखले. आपल्या पूर्वेस असलेल्या राजनांदगावी त्यांनी काही काळ नोकरी केली होती. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, व पुढे अहमदनगरास राहून त्यांनी ख्रिस्ती भजन-कीर्तनास बहर आणला. परकी चाल मराठी शब्दांवर बसवली की ऱ्हस्वाचे दीर्घ होते आणि अर्थ चिरडला जातो. अभंगाच्या चालीत शब्द आपल्याच पायांनी चालतो आणि टाळ त्याला साथ देतो. तेथे वाद्य शब्दाचे चाकर असते.

इतके वाचून आम्ही बपेऱ्यास त्या आजोबांकडे गेलो, ते त्यांची समजूत घालावी या हेतूने. परंतु समजूत पटली ती आमचीच. त्यांच्या वडिलांस गावकीचे काम म्हणून दुसऱ्यांच्या दारी डफडे वाजवावे लागे. बोलावणे आले की जेवणावरून उठावे लागे, आणि नकार देण्याची सोय नव्हती. चामड्यावर थाप पडली की आजोबांना भजन आठवत नाही, बापाची वाकलेली मान आठवते. हे कोणत्याही ग्रंथात आम्हांस आढळले नव्हते. पौलाने जे दुसऱ्याच्या विवेकास जपण्यास सांगितले आहे, ते अशाच प्रसंगासाठी होय.

आम्ही वाद घातला नाही. मुलगा जवळच बसून ऐकत होता; ही हकीगत तोही प्रथमच ऐकत होता. बऱ्याच वेळाने आजोबा त्याला म्हणाले, "वाजव. पण कोणाच्या हुकमाने नको, आणि पैसे घेऊन नको."

यास्तव आमचे मत असे आहे. वाद्य उपासनेत असावे. मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. गीताचे शब्द स्पष्ट ऐकू येतात काय? वादकाबरोबर सारी मंडळी गाते काय? आणि त्या नादाने कोणा बंधूच्या मनास जखम होत असेल, तर त्याच्याजवळ बसून आपण त्याचे ऐकले आहे काय? या तिहींपैकी शेवटची कसोटी सर्वांत कठीण आहे, आणि आम्ही स्वतः तिच्यात प्रथम नापास झालो होतो.

नाताळच्या सकाळी ढोलकी वाजली. पहिल्या कडव्यात हात जरा जोरात पडला, तेव्हा पुढच्या रांगेतून आजोबांनी बोट वर केले. मुलाने थाप हलकी केली आणि शब्द ऐकू येऊ लागले.