लोकव्युत्पत्ती आणि पुरावा : 'बंकम' व 'कॉड्सवॉलप'

निरर्थक बडबडीसाठी इंग्रजीत रूढ असलेले शब्द अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासाला फार उपयोगी पडतात. 'हॉगवॉश' म्हणजे मुळात डुकरांना घालायचे खरकटे. 'क्लॅपट्रॅप' हा अठराव्या शतकातील रंगभूमीवरचा शब्द. टाळ्या पकडण्यासाठी लावलेला सापळा, असा त्याचा अर्थ. (टाळीची वाक्ये आपल्या नाटकांनाही अपरिचित नाहीत.)

'बंकम'चा प्रवास अधिक लक्षणीय आहे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात या नावाची काउंटी आहे. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या कर्नल एडवर्ड बंकम यांच्यावरून तिला हे नाव मिळाले. १८२० साली मिसूरी राज्यात गुलामगिरीला मुभा असावी की नाही, या प्रश्नावर प्रतिनिधिगृहात चर्चा चालू होती. सभासद मतदानासाठी उतावीळ झालेले असताना त्या भागाचे प्रतिनिधी फेलिक्स वॉकर भाषणाला उभे राहिले. थांबण्याची विनंती होताच, आपल्याला बंकमसाठी बोलायचे आहे, असे त्यांनी सांगितले. म्हणजे भाषण सभागृहासाठी नव्हतेच; ते गावाकडच्या मतदारांसाठी होते! पुढे 'बंकम' म्हणजे पोकळ बोलणे असा अर्थ रूढ झाला. त्याचे 'बंक' झाले आणि १९२३ साली विल्यम वुडवर्ड यांच्या कादंबरीतून 'डिबंक', म्हणजे थोतांड उघडे पाडणे, हे क्रियापद आले. एका योद्ध्याचे आडनाव अशा रीतीने थोतांडाचे नाव होऊन बसले. अर्थापकर्षाचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. येथे व्यक्ती, स्थळ व काळ तिन्ही पडताळता येतात, म्हणून ही व्युत्पत्ती आपण स्वीकारतो.

'कॉड्सवॉलप'ची गोष्ट वेगळी आहे. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थांनी १८७० च्या दशकात सोडावॉटरसाठी गोटीच्या बुचाची बाटली काढली. आपल्याकडील गोटी सोड्याची बाटली ती हीच. 'वॉलप' म्हणजे बोलीभाषेत बिअर. तेव्हा बिअर पिणाऱ्यांनी कॉडच्या मिळमिळीत पेयाला हिणवून 'कॉड्सवॉलप' म्हटले, अशी कथा सांगितली जाते. कथा चोख जुळते, आणि नेमकी तेथेच शंका यावी. या शब्दाची लेखी नोंद विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी आढळत नाही. बिअर या अर्थाचा 'वॉलप'ही विसाव्या शतकातलाच. बाटली आणि शब्द यांच्यामध्ये सुमारे ८० वर्षांची पोकळी राहते. केवळ ध्वनिसाम्यावर रचलेल्या अशा स्पष्टीकरणास लोकव्युत्पत्ती म्हणतात.

स्वाध्याय : तुमच्या परिसरातील एखाद्या गावाच्या नावामागे सांगितली जाणारी कथा नोंदवा. त्या नावाचे जुन्यात जुने लेखी रूप शोधा आणि ते कथेशी जुळते का, ते लिहा.